लोखंडाची सोबत

पीण्या औद्योगिक क्षेत्रात खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात. लेथला झेंडूचा हार, दारात कुंकू भरून फोडलेला कोहळा आणि बंद यंत्रांमुळे पडलेली अनोळखी शांतता. नागपूर सोडून मला बावीस वर्षं झाली. या दिवशी मला हटकून जुनापाणी आठवतं.

काटोल रस्त्याजवळच्या त्या माळावर सुमारे 300 शिलावर्तुळं आहेत. गोल मांडलेले काळे धोंडे, मधे दगडमुरमाचा बसका उंचवटा. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 मध्ये त्यांचा वृत्तांत छापला. 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. ही लोहयुगातली दफनं. विदर्भातल्या अशा वर्तुळांत मृतांसोबत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या सापडल्या. माहुरझरीला घोड्याचा तांब्याचा साज. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली.

लोखंडाला किती कोळसा आणि किती घाम लागतो, हे भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी त्या लोकांनी कामाची कुऱ्हाड मातीत ठेवली.

आमच्याकडे कोप्पळ जिल्ह्यातले एक टर्नर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या भागात, हिरेबेनकलच्या डोंगरावर, शिळांची अशीच स्मारकं आहेत. 2021 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा अण्णांनी पेढे वाटले होते. मागच्या वर्षी अण्णा गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लेथवर दुसरा माणूस उभा राहिला. त्यात चूक काही नव्हतं. हातातलं काम वेळेवर द्यायचं होतं. पण त्या जागी अण्णांचं म्हणून काहीच उरलं नाही.

जुनापाणी संरक्षित आहे. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला कायद्याने बंदी असते. पण ज्यांना पाटी मिळाली नाही, त्या वर्तुळातला धोंडा बांधाला लागतो, मुरूम रस्त्याला. जगणाऱ्यांची गरजही खोटी नसते. म्हणून निदान कुणीतरी सांगणारं हवं, की इथे माणूस आहे.

अण्णांच्या पत्नीने त्यांचा मायक्रोमीटर मला दिला. तो मी कपाटात ठेवलेला नाही, रोज वापरतो. नवी पोरं विचारतात, "सर, हा कुणाचा?"

मी अण्णांचं पूर्ण नाव सांगतो, गावासकट.