साताचा उतारा आणि बाराचे पीक

या खेपेला आपण नंदुरबार जिल्ह्यात जाऊ. वाटेत देवदर्शन घडेल, सातपुडाही दिसेल. पण आपण निघालो आहोत ते तुमच्या-माझ्या घरातल्या पेटीत जपून ठेवलेल्या एका कागदाची गोष्ट समजून घ्यायला. तो कागद म्हणजे सातबारा.

सुरत-भुसावळ मार्गावरच्या नंदुरबार स्थानकात उतरा. धुळे जिल्ह्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा झाला. हिवाळ्यात गेलात तर शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या दिसतील. नजर जाईल तिथवर लाल जमीन आणि हवेत असा ठसका, की नवख्याने तोंडावर उपरणेच धरावे. तिथून शहाद्याच्या एस.टी.त बसा. वाटेत प्रकाशा लागते. तापी आणि गोमाईचा तिथे संगम आहे, केदारेश्वराचे देऊळ आहे. लोक या गावाला दक्षिण काशी म्हणतात. हात जोडा आणि पूल ओलांडा.

पलीकडे काळीभोर जमीन सुरू होते. केळी, ऊस, कापूस, पपई असे पीक बघून कोणाही शेतकऱ्याचे डोळे निवतील. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग सोबत चालते. पण दिवाळीनंतर याच रस्त्यावर दुसरेही चित्र दिसते. कोयते, भांडी आणि लहान मुले घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघालेली असतात. एवढी कसदार माती दाराशी असताना ही माणसे परमुलखात का जातात? हा प्रश्न मनात धरून पुढे चला.

या मैदानातली बरीच जमीन एके काळी भिल्ल कुटुंबांकडे होती. ती गेली कशी, हे तुम्हांला सांगायला नको. पावसाळ्यात खायला धान्य उसने घेतले, लग्नाला रोकड घेतली, न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवला. दोन-चार वर्षांत गहाणाचे खरेदीखत झाले आणि मालक आपल्याच शेतात सालदार म्हणून राबू लागला. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाने लोकांना जागे केले. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भू-मुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बायका तर पुरुषांच्या दोन पावले पुढे होत्या. गावोगाव त्यांनी दारूची मडकी फोडली, कारण कर्जाची वाट दारूच्या गुत्त्यातूनच जाते हे त्या घरात रोज बघत होत्या.

सरकारलाही हलावे लागले. १९७४ मध्ये दोन कायदे झाले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींची जी जमीन बिगर-आदिवासींकडे गेली, ती परत देण्याची सोय झाली. व्यवहार रीतसर खरेदीचा असला तरी जमीन परत मिळू शकत होती. मात्र मूळ मालकाने आकाराच्या ४८ पट रक्कम आणि केलेल्या सुधारणांची किंमत हप्त्याने फेडायची, आणि जमीन स्वतः कसायची. या कायद्याविरुद्ध फिर्यादी झाल्या, पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ६ जुलै १९७४ नंतर तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेताच येत नाही.

कागद परत आला. मग घरात सुबत्ता आली का? ज्याच्याजवळ बैल, बियाणे आणि विहीर होती, त्याला आली. ज्याच्याजवळ यातले काहीच नव्हते, त्याच्यापुढे एकच वाट उरते, बटाईची. मग सातावर नाव धन्याचे आणि खळ्यावर पोती दुसऱ्याची!

शहाद्याच्या या चळवळीवर मारिया मीस या जर्मन विदुषींनी १९७६ साली लेख लिहिला, तो परदेशातल्या अभ्यासकांनी वाचला. पुढे पंधरा वर्षांच्या आतच युरोपातल्या अभ्यासकांना हाच प्रश्न आपल्या शेजारी विचारावा लागला. १९८९ मध्ये पूर्व युरोपातल्या साम्यवादी राजवटी कोसळल्या, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. तिथली शेती सामुदायिक होती, ती आता माणसांच्या नावावर करायची होती. रुमानियाने १९९१ च्या कायद्याने जुन्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना कुटुंबामागे जास्तीत जास्त १० हेक्टर जमीन परत दिली. जमीन मिळाली ती लहान-लहान तुकड्यांत, पक्का कागद हाती यायला कित्येकांना वर्षे लागली, आणि ट्रॅक्टर नसलेल्या म्हाताऱ्यांना नांगरायचे कशाने हेच कळेना. रशिया आणि युक्रेनमध्ये सामुदायिक शेतावरच्या माणसांना हिश्श्याचा कागद मिळाला. पण आपला हिस्सा कोणत्या बांधापासून कोणत्या बांधापर्यंत, हे पुष्कळांना ठाऊकच नव्हते. त्यांनी तो जुन्याच शेताच्या कारभाऱ्यांना खंडाने दिला आणि वर्षाकाठी धान्याची काही पोती घरी आणली.

धोरण ठरवणाऱ्या पंडितांना वाटले होते की मालकी दिली की बाकीचे आपोआप होईल. गावोगाव फिरून चौकशी करणाऱ्या अभ्यासकांना दिसले ते निराळेच. मालकीच्या जोडीला मोजणी लागते, कर्ज लागते, अवजार लागते, बाजार लागतो. आपल्या आजीला हे पुस्तक न वाचता कळत होते.

आता शहाद्याहून वर, धडगावच्या डोंगरात चला. रस्ता वळणावळणाचा, शेते उतारावरची. इथे २००६ च्या वनहक्क कायद्याची गोष्ट सुरू आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला ४ हेक्टरपर्यंतचा हक्क मिळतो. तो वारसांना जातो, पण विकता येत नाही. आणि एक मोलाची गोष्ट अशी, की नवरा-बायको दोघे असतील तर कागद दोघांच्या नावाचा होतो. मडकी फोडणाऱ्या त्या बायांच्या मुलखात हे विशेष शोभते.

वाचकहो, घरी परतल्यावर आपला सातबारा काढून बघा. सात नंबरात जमीन कोणाची ते लिहिलेले असते, बारा नंबरात तिच्यात काय पिकते ते. आपल्या जुन्या जाणत्यांनी दोन्ही एकाच कागदावर ठेवले, ते उगाच नव्हे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आहे, त्यामुळे बारावरची नोंद तुम्ही स्वतः मोबाईलवरून करू शकता. ती दुसऱ्यावर सोडू नका. सातावर घरधनिणीचे नाव आहे का, तेही बघा.

आणि उद्या कोणी माहिती लिहून घ्यायला वही घेऊन दारात आला, तर त्याला ओट्यावर बसवा, पाणी द्या. ‘जमीन कोणाच्या नावावर?’ एवढेच विचारून तो उठू लागला तर थांबवा. नांगर कोणाचा, पाणी कोणाचे, खळ्यावरून पोती कोणाच्या घरी जातात, हेही त्याला लिहायला लावा.