बंबाजवळ उभा असलेला माणूस

आग विझवतानाचा एखादा फोटो डोळ्यांसमोर आणा. काय दिसतं? धूर, ज्वाळा आणि हातात पाण्याचा पाइप धरलेला जवान. बरोबर ना? आता त्याच फोटोत जरा मागे बघा. बंबाच्या बाजूला, मीटरच्या काट्यावर नजर लावून एक माणूस उभा असतो. कॅमेरा त्याच्याकडे वळत नाही आणि आपणही नाही. माझा सख्खा भाऊ अग्निशमन दलात असूनही मी त्या माणसाकडे कधी पाहिलं नव्हतं.

दादा नऊ वर्षं फायरमन आहे. गेल्या वर्षी बढतीसाठी त्याला प्रशिक्षणाला पाठवलं. पंप चालवणं आणि तुकडीचं नेतृत्व करणं, अशा दोन गोष्टी शिकायच्या होत्या. पुस्तकं बरीचशी इंग्रजीत. घरात इंग्रजी घेऊन बीए झालेली मी एकटीच, त्यामुळे रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आमची शाळा भरायची. मी वाक्याचा अर्थ सांगायचे आणि दादा त्यामागची गंमत सांगायचा.

आई मात्र खूश होती. "बरं झालं, आता हा बाहेर उभा राहील. आगीत शिरायला नको." खरं सांगू? मलाही तसंच वाटलं होतं.

पहिला धडा पंपाचा. मला वाटायचं, बटण दाबलं की पाणी येतं. दादा हसला. म्हणाला, "अगं, हा पंप हवा ओढू शकत नाही. तळ्यातून किंवा विहिरीतून पाणी घ्यायचं तर आधी पाइपमधली हवा काढून टाकावी लागते. मग बाहेरच्या हवेचा दाबच पाणी वर ढकलतो." शहाळ्यातली स्ट्रॉ आठवा. तिला बारीकशी चीर असली, तर कितीही ओढा, पाणी वर येत नाही. तसंच इथे एखादा जोड जरा सैल राहिला की संपलं! आणि सगळं नीट असलं तरी पंपाच्या साधारण 7 मीटर खालचंच पाणी भरवशाने उचलता येतं.

पुढे हिशेब. दर 10 मीटर उंचीला सुमारे 1 बार दाब खर्च होतो. पाइप जितका लांब, तितका दाब आणखी घटतो. दाब कमी पडला तर पाणी आगीपर्यंत पोहोचत नाही. जास्त झाला तर पाइपच्या टोकाची तोटी, जिला ते ब्रँच म्हणतात, ती धरणाऱ्याला मागे फेकते. बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी असेल आणि मिनिटाला 450 लिटर सोडलं, तर टाकी 10 मिनिटांत रिकामी. म्हणजे पहिला थेंब सोडतानाच पुढचं पाणी कुठून आणायचं, हे ठरलेलं हवं.

हे सगळं दादाने भराभर उचललं. अडला तो नेतृत्वाच्या सरावात. धुराने भरलेली खोली, हाताखाली पाच जण. दादाने हुकूम दिला आणि दुसऱ्याच मिनिटाला स्वतः ब्रँच हातात घेऊन आत धावला. प्रशिक्षकांनी शिट्टी मारून सराव थांबवला. विचारलं, "तुमचे पाच जण आता कुठे आहेत?" दादाला सांगता येईना. कोण आत गेलं, किती वाजता गेलं, कुणाच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये किती हवा उरली, हे बघायला बाहेर कुणीच नव्हतं.

त्या रात्री कॉलवर दादा बराच वेळ गप्प होता. मग त्याने घरात कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

दोन वर्षांपूर्वी एका गोदामाच्या आगीत तो आत असताना अचानक पाणी बंद झालं. अर्धा मिनिट असेल. धुरात काही दिसत नव्हतं आणि हातातला पाइप लुळा पडला होता. बाहेर आल्यावर पंपावरच्या काकांना तो वाट्टेल ते बोलला. तेव्हापासून दुसऱ्यावर विसंबायचंच नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

खरं काय घडलं होतं? गर्दीतून वाट काढणाऱ्या एका मोटारीचं चाक पाइपवर येऊन थांबलं होतं. काकांच्या मीटरचा काटा झपकन वर गेला आणि पाइप कुठेतरी दबलाय हे त्यांनी ओळखलं. एकाला धावत पाठवून गाडी हलवायला लावली आणि तेवढ्यात पंपाचा वेग उतरवला. नाहीतर पाणी सुटताच त्या झटक्याने दादाच्या हातातली ब्रँच निसटली असती. काका तेव्हा हे सांगायला गेले होते, पण दादाने ऐकूनच घेतलं नव्हतं.

"पंप हातात आल्यावर कळलं गं," दादा म्हणाला, "मी आत होतो, पण मला सांभाळत होते ते." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काकांना फोन करून माफी मागितली. काका म्हणाले, "अरे, तू बाहेर आलास ना, मग झालं." शेवटच्या सरावात दादा पूर्ण वेळ बाहेर उभा राहिला. हात शिवशिवत होते म्हणे!

आपल्या घरातही अशी माणसं असतात, नाही का? सगळ्यांच्या वेळा, औषधं, डबे यांवर लक्ष ठेवणारी आणि फोटोत कधीच न येणारी.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत बोटीच्या स्फोटात अग्निशमन दलाच्या 66 जणांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. फुलं वाहायला आपल्याला जमेलच असं नाही, पण एवढं नक्की जमेल: सोसायटीच्या फाटकासमोर गाडी लावू नका, पाण्याच्या हायड्रंटपुढे सामान रचू नका आणि रस्त्यात पसरलेल्या पाइपवरून गाडी कधीच नेऊ नका. त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी दादा असतो.

आईला मी अजून गोदामाची गोष्ट सांगितलेली नाही. पण "आता हा फक्त बाहेर उभा राहतो" असं ती कुणाला म्हणाली, की मी लगेच सांगते, "आई, त्यातलं 'फक्त' काढून टाक."