खाडीतला जिताडा आणि लाकडाची मासोळी

गळाने मासे धरण्यावरची इंग्रजी पुस्तके चाळली की बास नावाचा मासा पानापानावर भेटतो. अमेरिकेतील गोड्या तळ्यांचा हा रहिवासी. त्याला भुलविण्यासाठी तिकडे लाकडाच्या व टणक प्लास्टिकच्या खोट्या मासोळ्या बनवितात. कोणती मासोळी किती खोल जाते, कोणत्या ऋतूत कोणता रंग घ्यावा, यावर तेथे मोठे वाङ्मय तयार झाले आहे. आम्हा कोपरीकरांना हा बास ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु ठाण्याच्या खाडीत त्याच्या तोडीचा एक मासा आहे. तो म्हणजे आपला जिताडा. इंग्रजीत त्यालाही आशियाई समुद्री बास म्हणतात, आणि ऑस्ट्रेलियात तो बॅरामुंडी या नावाने मिरवतो. रायगडकडच्या जेवणावळीत त्याचा मान मोठा, हे वाचकांस सांगावयास नकोच.

आम्ही घरातील तिघे गेली काही वर्षे सवडीच्या दुपारी ठाणे पूर्वेच्या खाडीकाठी गरवायला जातो. 1854 साली रेल्वे ही खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. त्याच्या कितीतरी आधीपासून चेंदणी कोळीवाड्याच्या होड्या येथे ये-जा करीत होत्या. आमच्यासारखी नोकरदार माणसे काठावर काठी घेऊन उभी राहिली की कोळीबांधवांना गंमत वाटते, आणि ते योग्यच आहे. त्यांच्याकडे पिढ्यांचे ज्ञान आणि जाळे. आमच्याकडे पुस्तकातली विद्या आणि लाकडाची एक मासोळी.

या मासोळीचा इतिहास मात्र मोठा वाचनीय आहे. फिनलंडमधील लाउरी रापाला हा गरीब कोळी होता. झुंडीतल्या शेकडो लहान माशांतून शिकारी मासा नेमका लंगडत, डुलत चाललेला जखमी मासा टिपतो, हे त्याने सरोवरावर बसून पाहिले. 1936 साली त्याने बुचाच्या लाकडाची मासोळी चाकूने कोरली, तिला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि छायाचित्रांच्या जुन्या फिल्म वितळवून त्यांचा लेप चढविला. मासोळी पाण्यात नेमकी जखमी माशासारखी डुलली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या कितीतरी आमिषांचे मूळ पोट भरण्यासाठी केलेल्या या खटाटोपात आहे.

आता तिच्या रचनेविषयी. मासोळीच्या तोंडापुढे एक पारदर्शक पट्टी असते. आम्ही घरात तिला जीभ म्हणतो. दोरी ओढली की पाणी या जिभेवर आदळते आणि मासोळी खाली बुडी मारते. जीभ आखूड व उभी असेल तर मासोळी पृष्ठभागालगत राहते. लांब व आडवी असेल तर खोल जाते. या दोहोंमधली, साधारण दीड ते तीन मीटरपर्यंत उतरणारी, ती मधल्या पाण्याची. दोरीचाही यात वाटा असतो. जाड तंगूस पाण्याला अडते आणि मासोळीला वर धरून ठेवते. तीच मासोळी बारीक विणलेल्या दोरीला बांधली की आणखी खाली जाते. फेक लांब असेल तर बुडीला अवधी अधिक मिळतो.

काही मासोळ्या तरंगणाऱ्या असतात. ओढणे थांबविले की त्या हळूहळू वर येतात, आणि म्हणून मुळांत वा दगडांत अडकण्याची भीती कमी. काही थांबविल्या तेथेच अधांतरी राहतात. काही बुडणाऱ्या असतात. त्या टाकून मनातल्या मनात आकडे मोजावेत. सेकंदाला साधारण एक फूट उतरणारी मासोळी घेतली, तर सात मोजून ओढू लागल्यास ती दोन मीटरांवर चालते. एवढ्या साध्या हिशेबाने आंधळ्या पाण्यातही अंदाज बांधता येतो.

परंतु मधल्या पाण्याची ही विद्या खाडीवर जशीच्या तशी लागू पडत नाही. तळ्यातले पाणी दिवसभर तेवढेच असते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्याही पुढे जातो. भरतीच्या वेळी जी मासोळी मध्यावर डुलते, तीच सहा तासांनी चिखलात नांगरासारखी रुतते. म्हणजे तळ्याकाठचा माणूस खोली पाहून आमिष निवडतो. खाडीकाठच्या माणसाने घड्याळ आणि तिथी पाहून ते निवडावे. भांगाच्या दिवसांत पाणी फारसे चढत-उतरत नाही व त्याला ओढही कमी असते. उधाणात प्रवाह इतका जोरकस असतो की मासोळी तिरकी होऊन नुसती फिरू लागते. आमच्या अनुभवात या दोहोंच्या मधले दिवस, आणि त्यातही ओहोटी लागल्यानंतरचे पहिले दोन तास, सर्वांत फलदायी.

याचे कारण जिताड्याच्या स्वभावात आहे. तो दूरवर पाठलाग करणारा मासा नव्हे. तिवरांच्या मुळांशी, पुलाच्या खांबाआड, खडकाच्या सावलीत तो दबा धरून बसतो. ओहोटी लागली की तिवरांतल्या लहान ओहोळांतून कोलंबी आणि बोयीची पिल्ले मुख्य प्रवाहात वाहत येतात, आणि हा त्यांच्या वाटेवर तोंड करून थांबतो. भक्ष्य जवळ आले की मोठा जबडा एकाएकी उघडून पाण्यासह ते आत ओढून घेतो. त्याचे लक्ष समोर आणि वर असते. म्हणून मासोळी त्याच्या किंचित वरून जावी, खालून नव्हे. मधल्या पाण्याचे महत्त्व ते हेच. दोन-तीनदा ओढावे आणि थांबावे. आघात बहुधा त्या थांबण्याच्या क्षणीच होतो. गढूळ पाण्यात सोनेरी वा भडक पिवळा रंग आणि पोटात खुळखुळणारे छर्रे उपयोगी पडतात. हिवाळ्यात पाणी निवळले की साधा चंदेरी पुरतो. जिताड्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड सुरीसारखी असते, यासाठी शेवटचा हातभर तुकडा जाड तंगुसाचा हवा.

दोन वर्षांमागे, नाताळच्या आदल्या आठवड्यात, आमच्या धाकट्याच्या मासोळीला एक जिताडा लागला. काठावर आणला तेव्हा त्याची लांबी 85 सेंटिमीटर भरली. नाताळच्या जेवणाचा बेत मुलाने तिथल्या तिथे ठरविला. जवळच आपली होडी बांधीत असलेले कोळीवाड्यातले एक वृद्ध नाखवा ते पाहावयास आले. ते क्षणभर माशाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पोरा, ही मादी हाय. हिच्या पोटात आख्खी खाडी हाय."

मुलगा नम्रपणे पण हट्टाने बोलला, "नाखवा, तुमच्या जाळ्यात आली असती तर तुम्ही सोडली असती का?"

"नाय सोरली असती," ते म्हणाले. "माजा पोट हाय तिच्यावर. तुजा नाय."

नाखवांचे पहिले वाक्य शास्त्रालाही धरून आहे. जिताडा जन्मतः नर असतो. काही वर्षांनी, पुरेसा वाढल्यावर, त्याची मादी होते. म्हणून खाडीतले मोठे जिताडे बहुतांशी माद्याच. पावसाळ्याच्या सुमारास त्या खाडीमुखाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतात आणि एकेक मोठी मादी लाखोंनी अंडी घालते. एक मोठा मासा ताटात आला, तर त्याच्यामागून येणारी सारी प्रजा येता येता राहते. आणि ही खाडी आधीच सोसते आहे. पलीकडच्या तटावरील कारखान्यांचे आणि दोन्ही तटांवरील शहरांचे सांडपाणी तिने वर्षानुवर्षे पोटात घेतले. जाळी पूर्वीसारखी भरत नाहीत, हे कोळीवाड्यात कोणीही सांगेल. ऐरोली पुलाच्या दक्षिणेला 2015 साली रोहितपक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले, 2022 साली त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. कोपरीचा काठ त्या सीमेबाहेर राहिला, तरी माशाला सीमा दिसत नाही.

नाखवांचे दुसरे वाक्य आम्हाला अधिक मोलाचे वाटते. ज्याची चूल खाडीवर पेटते, त्याला मासे सोडा असे सांगण्याचा अधिकार आम्हा छंदिष्टांना नाही. परंतु ज्याची चूल पगारावर पेटते, त्याच्यावर वेगळे बंधन आहे. शुभवर्तमानांत मासेमारी येते ती बहुतेक जाळ्यांची. गळाचा उल्लेख एकदाच, मत्तयच्या सतराव्या अध्यायात. तेथे पेत्राला गळ टाकून वर येणारा पहिला मासा घ्यावयास सांगितले आहे. त्या दिवशीची गरज तेवढ्याने भागणार होती. जाळे उपजीविकेसाठी आणि गळ एका माशापुरता, हा भेद आम्हाला तेव्हापासून मनात धरावासा वाटतो.

धाकट्याने हात ओले केले, पोटाखाली आधार देऊन मासा उचलला आणि प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरला. कल्ले नीट हलू लागल्यावर शेपटीच्या एका फटक्यासरशी तो गेला. पुढचा अर्धा तास मुलगा कोणाशी बोलला नाही. नाताळला बाजारातली सुरमई आली, आणि तीही आनंदाने खाल्ली गेली.

हल्ली आपल्या तरुण मुलांत या छंदाची आवड वाढते आहे. फोनच्या पडद्यापेक्षा पाण्याकडे पाहिलेले केव्हाही बरे. त्यांना आमच्या चारच सूचना. तीन तोंडांचे गळ काढून एकेरी गळ लावा आणि त्यावरचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका. मासा सोडविताना जबडा फाटत नाही. तिवरांत अडकलेली दोरी तोडून सोडून देऊ नका. तिच्यात बगळ्यांचे पाय गुंततात. कोळ्यांच्या जाळ्यांपासून आणि होडीच्या वाटेपासून दूर उभे राहा. आणि मोठा जिताडा लागलाच, तर त्याचे माप मनात ठेवा, मासा खाडीत ठेवा. खोटी मासोळी माशाला एकदा फसविते, तेवढी फसवणूक पुरे. उद्याच्या जाळ्यांचा वाटा तरी त्याच्या पोटात सुखरूप परत जाऊ द्या.