मधला घाट

केपटाउन ते कैरो हे अंतर हवाई रेषेत साधारण 7,200 किलोमीटर. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवली की आख्खी आफ्रिका एका दमात मोजून होते. ही दोन शहरं सलग रुळांनी जोडायचं स्वप्न सेसिल ऱ्होड्सनं पाहिलं होतं. दोन्ही टोकांकडून रूळ बरेच पुढे आले. मधला भाग काही जोडला गेला नाही. असे अर्ध्यावर थांबलेले रूळ नकाशावर दिसले की लोणावळ्याच्या माणसाला बोरघाट आठवणारच.

कारण इथंही पाच वर्षं हेच चाललं होतं. मुंबईकडून आगगाडी 1856 मध्ये खोपोलीला आली, 1858 मध्ये खंडाळा-पुणे सुरू झालं, आणि मधे उभा घाट. खोपोलीला उतरायचं, पालखी नाहीतर तट्टू करायचं, तेही परवडत नसेल तर सरळ चालू लागायचं. खंडाळ्याला पोचलं की पुन्हा गाडी. ज्यानं इथला जुलैतला आडवा पाऊस अंगावर घेतलाय, त्याला ही चढण वेगळी सांगायला नको.

हा सांधा जुळवण्याचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेलकडे आलं. 1859 मध्ये तो मुंबईत उतरला आणि काही आठवड्यांतच आजारानं गेला. त्याची बायको अ‍ॅलिस परत गेली नाही. तिनं कंत्राट आपल्याकडे घेतलं, जाणकार अभियंते नेमले आणि काम तडीस नेलं. बोगदे, कमानींचे पूल, कड्याला कोरलेली वाट यांची छायाचित्रंही तिनं काढून ठेवली. 1861 च्या सुमारास घाटात चाळीस हजारांवर माणसं राबत होती. दोर कमरेला बांधून कड्यावर लोंबकळत ती सुरुंगाची भोकं पाडायची. पटकीनं, तापानं, दरडीखाली किती गेली! अ‍ॅलिसचं नाव निदान पुस्तकांत आहे. त्यांची नावं कुणी लिहून ठेवायला हवी होती, आणि ती खंत आजही वाटायला हवी.

21 एप्रिल 1863 रोजी घाट खुला झाला. पंचवीस बोगदे, सदतिसास एक असा चढ.

जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला या धनगरानंच दाखवली, अशी आख्यायिका. गाडीवाले अजून तिथं नाणं टाकून पुढे जातात. इंजिनियरांच्या यादीत नसलेल्या माणसाला घाटानं असं देवपण दिलं, हे फार योग्य झालं.

1930 मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा ती पावणेतीन तासांत पुणं-मुंबई करायची. आज तिला तीन तासांहून जास्त लागतात. मार्गावर गाड्यांची गर्दी वाढली आणि घाट आहे तिथंच आहे. कर्जत ते लोणावळा जेमतेम 28 किलोमीटर, पण चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. उतरण तर त्याहून जोखमीची. मंकी हिल, ठाकूरवाडी इथं गाडी आधी थांबते. ती थांबली नाही, तर काटे तिला चढाच्या बाजूच्या रुळावर घेतात, म्हणजे सुटलेली गाडी आपोआप अडावी.

तेव्हा मुंबईला जाताना गाडी मंकी हिलला उभी राहिली तर चुळबूळ करू नका. ब्रेक तपासून होऊ द्या.