विंडोला मालक हवा

व्हिज्युअल बेसिक उघडलं की समोर करड्या रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा फॉर्म यायचा. एफ५ दाबलं की ठिपके जायचे आणि तोच फॉर्म शीर्षकपट्टी नि कोपऱ्यातल्या तीन बटणांसह खरीखुरी विंडो होऊन उभा राहायचा. कोडची एक ओळही न लिहिता! १९९८ साली व्हीबी ६ आलं, तेव्हा औरंगाबादेत कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड गल्लोगल्ली दिसत. त्यातल्याच एका क्लासमध्ये मला विंडोचं वेड लागलं, ते अजून उतरलेलं नाही.

पुढे सी भाषेतून विंडोज प्रोग्रामिंग शिकलो, तेव्हा त्या एफ५मागचा खटाटोप कळला. आधी विंडोचा क्लास नोंदवायचा, मग क्रिएटविंडो म्हणायचं. सिस्टिम एक हँडल हाती देते, पण विंडो दिसत नाही. शोविंडो म्हटलं की दिसते. मग सुरू होतो मेसेज लूप. माउस हलला, कीबोर्डची कळ दाबली, झाकलेला भाग उघडा पडला, सगळ्याचे निरोप येत राहतात. ते एकेक करून उचलायचे, निपटायचे आणि पुढच्याची वाट बघायची.

मला सगळ्यात भावली ती कोपऱ्यातली फुली. ती दाबली म्हणून विंडो लगेच नष्ट होत नाही. डब्ल्यूएम क्लोज नावाचा निरोप येतो आणि ती निव्वळ विनंती असते. ‘सेव्ह करायचं का?’ असं विचारण्याचा हक्क प्रोग्रामला असतो. उलट मुख्य विंडो गेल्यावर पोस्टक्विटमेसेज म्हणायचं राहिलं, तर स्क्रीन मोकळी दिसते आणि प्रोग्राम टास्क मॅनेजरमध्ये जिवंतच असतो. जावाची जेफ्रेमही, वेगळं सांगितलं नाही तर, फुली दाबल्यावर नुसती लपते. विंडो उघडणं सोपं. ती नीट मिटवण्यात प्रोग्रामरची कसोटी लागते.

ही कसोटी रोज लागते ती शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत. १९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणारे कितीतरी लहानमोठे कारखाने उभे राहिले. अशाच कारखान्यांतल्या टेस्टिंग स्टेशनची सॉफ्टवेअर मी लिहितो. भाग फिक्स्चरवर बसवायचा, हवेचा दाब द्यायचा, गळती मोजायची; पास असेल तर हिरवं, नाहीतर लाल. लाल आलं की रिजेक्शनचं कारण विचारणारी छोटी विंडो उघडते. तिथे एक गोष्ट पक्की लागते: तिचा मालक कोण?

विंडोजमध्ये टॉप-लेव्हल विंडोलाही मालक विंडो देता येते. मग ती कायम मालकाच्या वर राहते, तो मिनिमाइझ झाला की लपते, तो गेला की जाते. मालक न सांगता उघडलेली विंडो मात्र मोठ्या विंडोच्या मागे जाऊ शकते. प्रोग्राम तिच्या उत्तरासाठी थांबलेला, आणि ऑपरेटरला ती दिसतच नाही. हातात ग्लोव्ह्ज, समोर फक्त टचस्क्रीन आणि बारकोड स्कॅनर. ऑल्ट-टॅब दाबायला कीबोर्ड आणणार कुठून? “सर, स्क्रीन अडकली बघा,” असा फोन येतो. तोवर लाइन थांबलेली असते आणि सुपरवायझर ऑपरेटरच्या डोक्यावर उभा असतो.

दुसरं दुखणं सिरीयल पोर्टचं; गळती मोजणाऱ्या मीटरचा आकडा त्यावरून येतो. निरोप उचलणाऱ्या थ्रेडलाच मीटरच्या आकड्याची वाट बघत बसवलं, तर निरोप तुंबतात. साधारण ५ सेकंद उत्तर आलं नाही की विंडोज त्या विंडोच्या जागी तिची फिकी प्रतिकृती ठेवतं आणि शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. म्हणून मोजमापाचं काम वेगळ्या थ्रेडवर द्यायचं. विंडोने कायम हाकेला ओ दिली पाहिजे.

आता बरीच सॉफ्टवेअर ब्राउझरच्या टॅबमध्ये गेली आहेत; नव्या मुलामुलींना क्रिएटविंडो लिहावंच लागत नाही. तरी त्यांचा कोड तपासताना पॉपअप दिसला की मी विचारतो: हा कुणाचा, कोण बंद करणार, आणि तोवर मागचं काम कोण बघणार? आम्ही लिहिलेल्या हजारो ओळींपैकी ऑपरेटरची गाठ पडते ती फक्त या एका विंडोशी. रात्रपाळीत त्याला तिचा विचारही करावा लागू नये, त्याचं सगळं लक्ष हातातल्या भागावर राहावं, एवढ्यासाठीच ती नीट बांधायची.