आबिड्सचा रविवार

हैदराबादला जायचे ठरले तेव्हा आमच्या घरात तीन याद्या झाल्या. सौ.ची यादी लाडबाजारातल्या बांगड्यांपाशी सुरू होऊन मोत्यांपाशी संपत होती. मुलीला गोवळकोंडा पाहायचा होता आणि बिर्याणी खायची होती. माझी यादी एका ओळीची. आबिड्स, रविवारची सकाळ.

वास्कोहून सिकंदराबादला आता थेट गाडी आहे. त्या गाडीने आम्ही शनिवारी पोचलो आणि त्याच दिवशी सालारजंग संग्रहालय उरकले. उरकले म्हणायचे एवढेच. दगडातून कोरलेला झिरझिरीत पदर असलेली ती बुरख्यातली रिबेका, इटालियन शिल्पकार बेंझोनीची, पाहून सौ. पुढे हलेना. दर तासाला चिमुकला माणूस बाहेर येऊन घंटा वाजवतो ते घड्याळ पाहायला तर जत्रेसारखी गर्दी. संध्याकाळी १५९१ सालचा चारमिनार आणि बांगड्या. एक यादी संपली.

रविवारी मी सगळ्यांना लवकर उठवले. आबिड्स हे नाव अल्बर्ट आबिद या आर्मेनियन ज्यू गृहस्थाचे. सहावा निजाम महबूब अली खान याच्या खास तैनातीतला हा माणूस. त्याचे इथे दुकान होते. दुकान गेले, नाव राहिले. एरवी हा गजबजलेला बाजार, पण रविवारी बरीच दुकाने बंद असतात आणि ओढलेल्या शटरांसमोर फूटपाथवर पुस्तके पसरतात. इंजिनिअरिंगची गाइडे, डॉक्टरीचे जाडजूड ग्रंथ, उर्दू, तेलुगू, इंग्रजी कादंबऱ्या. मुलगी एका इंग्रजी ढिगापाशी बसली ती बसलीच.

मी एकाला विचारले, मराठी आहे का? "हौ, है ना. नीचे पड़े," तो म्हणाला. किंमत विचारली तर "अस्सी रुपयेइच", आणि पन्नास म्हटल्यावर "नक्को साब". या दखनी बोलीतला 'नक्को' आपला, आणि शब्दाला चिकटलेला तो 'च'ही आपलाच. परक्या गावात आपली भाषा अशी दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आली की माणूस घासाघीस विसरतो.

मराठी पुस्तके इथे कुठून आली, असे मुलीने विचारले. शाळेच्या पुस्तकात तिला हे कोणी सांगितलेले नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांची माणसे शिक्षणाला, वकिलीला, नोकरीला इथे येत. उर्दूच्या राज्यात १९०७ साली इथे विवेकवर्धिनी शाळा निघाली. कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत मराठी घरे होती, आजही आहेत. (जाता जाता, या राज्याला समुद्र नव्हता म्हणून १९४७-४८ च्या सुमारास निजाम सरकारने आमच्या मुरगाव बंदरासाठी पोर्तुगालशी बोलणी चालवली होती. जमले असते तर काय झाले असते, देव जाणे.)

तळातून निघालेल्या कादंबरीला पुठ्ठ्याची बांधणी होती. कचेरीत पंचवीस वर्षे आवक-जावक सांभाळल्यामुळे माझी नजर आधी शिक्के आणि क्रमांकांवर जाते. पहिल्या पानावर निळ्या शाईत वडिलांनी मुलीला मॅट्रिक पास झाल्याबद्दल पुस्तक दिल्याचे लिहिले होते. साल १९५३. खाली सुलतान बाजार. कोपऱ्यात क्रमांक, ८७. म्हणजे घरात निदान ८६ पुस्तके आणखी होती.

"ही त्यांनी विकली कशाला, पप्पा?"

विक्रेत्यानेच उत्तर दिले. घर रिकामे केले, किलोवर दिली. त्याच्या आवाजात काही वाईटसाईट नव्हते. त्याचा तो धंदाच.

सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर फिरवली. कारण फोंड्याच्या घरात बाबांचे कपाट आहे. बाबा जाऊन दोन वर्षे झाली. पोर्तुगीज अमदानीत बेळगावला जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून त्यांनी एकेक करून मागवलेली पुस्तके, प्रत्येकावर त्यांच्या हातचा क्रमांक. मागची भिंत ओली होते, खालच्या फळीला वाळवी लागली आहे. हैदराबादहून आलो की भंगारवाल्याला बोलवायचे हे ठरले होते. भावाला मी फोन करून तसे सांगितलेही होते. सौ.चे चुकत होते असे नाही. दोन खोल्यांत चार माणसे, आणि मुलगी मराठी वाचते ती अडखळत.

मी ऐंशी रुपये दिले. नंतर एका इराणी हॉटेलात चहा आणि उस्मानिया बिस्किटे घेतली. तिथे मुलीने ती शाईची ओळ एकेक अक्षर लावून वाचली आणि त्या बाई आता कुठे असतील, असे विचारले. मी बिस्किटाची दुसरी बशी मागवली.

सोमवारी गोवळकोंडा झाला. फतेह दरवाजात मुलीने टाळी वाजवली. ती वर बालाहिसारला ऐकू येते म्हणतात, पण वर जाऊन ऐकायला आमच्यातले कोणी तयार नव्हते, ऊन फार होते.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, त्या माणसाला फोन करायचा होता ना?" मी म्हटले, पाऊस संपू दे. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिनेच खालच्या फळीवरची पुस्तके काढून पलंगाखाली जुन्या बेडशीटवर पसरून ठेवली.