तुळजापुरा, आकडा वाढला म्हणून भिऊ नकोस

प्रिय तुळजापूर,



फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडीच्या टोलनाक्याजवळ पोलिसांनी एक गाडी अडवली. तिच्यात एमडी या अमली पदार्थाच्या पुड्या निघाल्या आणि तो माल तुझ्याकडे चालला होता. तपास पुढे सरकला तशी आरोपींची संख्या तिसाच्या वर गेली. त्या यादीत काही पुजाऱ्यांची नावंही आली. तेव्हापासून बाहेरगावी तुझं नाव काढलं की लोक आधी ड्रग्जचं विचारतात, दर्शनाच्या रांगेचं नंतर. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. एका यादीवरून साऱ्या भोपे-पाळीकर पुजाऱ्यांना बोल लावणं तर सरळ अन्याय आहे. पण या सगळ्या गदारोळात एक वाक्य मी वारंवार ऐकलं आणि त्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. ‘आधी गाव किती चांगलं होतं, आता गुन्हेगारी वाढली,’ असं ते वाक्य.

हे खरं नाही. चोरी झाली तर ज्याचं गेलं तो ठाण्यात येतो. डोकं फुटलं तर जखमी येतो. पुडी विकणारा आणि घेणारा यांच्यातला कुणीही ठाण्याची पायरी चढत नाही. अमली पदार्थांचा गुन्हा पोलिसांनी शोधला तरच कागदावर येतो. म्हणून ज्या वर्षी नोंद शून्य असते, ते वर्ष निर्धास्त होतं असं कुणी समजू नये. तुझ्या गल्ल्यांत हा व्यवहार टोलनाक्यावरच्या त्या कारवाईच्या आधीपासून चालू होता. कुजबूज होती, पोरं रात्र रात्र जागतात, घरातले पैसे जातात, दागिने जातात, हे आयांना दिसत होतं. घराण्याचं नाव जाईल म्हणून दारं लावली गेली. तुझी सगळ्यात धोक्याची वर्षं ती होती, आणि नोंदवहीत ती स्वच्छ दिसतात.

नोंदीसारखाच गुन्ह्यांचा दरही फसवा असतो. तो काढतात दर लाख लोकसंख्येमागे. २०११ च्या जनगणनेत तुझी वस्ती ३४ हजारांच्या आसपास होती. पण नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून, कर्नाटकातून लाखो माणसं अनवाणी चालत तुझ्याकडे येतात. त्यांचं पाकीट गेलं, बाईचं मंगळसूत्र ओढलं, तर त्यातली बरीचशी माणसं तक्रार न देताच परत जातात. पुन्हा तारखेला कोण येणार? त्यामुळे महाद्वारापासून आर्य चौकापर्यंतच्या गर्दीचं खरं चित्र कुठल्याच तक्त्यात उतरत नाही. यावर एक उपाय कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. यात्रेकरूंना हे ठाऊकच नसतं. दर्शन मंडपात, लॉजच्या काउंटरवर, एसटी स्टँडवर मराठीत आणि कानडीत हे लिहून लावायला किती खर्च येईल?

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. तुझ्या तालुक्यात चोरी झाली की पहिला संशय आजही पारध्यांच्या पालावर जातो. इंग्रजांनी १८७१ मध्ये जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय रद्द झाला नाही. तुझ्याच तालुक्यात यमगरवाडीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समाजाच्या लेकरांसाठी निवासी शाळा उभी केली. तिथल्या मुलामुलींना हा शिक्का अजून भेटतो. आपण सारे पालांकडे डोळे लावून बसलो आणि पुड्या पक्क्या घरांच्या, प्रतिष्ठितांच्या गल्ल्यांत फिरत राहिल्या. भीतीची दिशा चुकली की पहारा चुकतो.

हे संकट एकट्या तुझं नाही, हेही सांगितलं पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतींत एमडी बनवणारे कारखाने सापडले. तिथून तू तास-दीड तासावर. मेफेड्रोन हे त्या पावडरीचं नाव. २०१५ च्या फेब्रुवारीत ते अमली पदार्थांच्या कायद्यात आलं. शेत लागत नाही, पीक लागत नाही. बंद पडलेली शेड आणि रसायनं मिळाली की झालं. म्हणून ते मोठ्या शहरांत थांबत नाही. जिथे हातात रोख पैसा खेळतो आणि अनोळखी चेहऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही, अशा गावात ते आधी शिरतं. तीर्थक्षेत्रात या दोन्ही गोष्टी बारमाही असतात.

आता तुझ्या घराघरांतल्या माणसांशी बोलतो. तुमचा मुलगा यात अडकला असेल तर त्याला लपवू नका. अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ वकिलाकडून समजून घ्या. सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. एमडीची अल्प मर्यादा २ ग्रॅम आहे. विकणाऱ्याला ही सवलत नाही, आणि असूही नये. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि अमली पदार्थांच्या माहितीसाठी १९३३ हे क्रमांक आहेत. १९३३ वर माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं.

पोलिसांकडे माझं एकच मागणं आहे. या प्रकारचे गुन्हे पुढच्या वर्षी जास्त नोंदले गेले तर त्याची लाज वाटून घेऊ नका आणि वरिष्ठांनीही त्याबद्दल ठाणेदाराला जाब विचारू नये. आकडा कमी ठेवण्याचा दबाव आला की शोध थांबतो. नगरपरिषदेच्या प्रत्येक प्रभागात वर्षातून दोनदा बैठक घ्या, किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं ते लोकांसमोर वाचून दाखवा. त्या बैठकीला बायांना पुढच्या रांगेत बसवा आणि आधी त्यांचं ऐका.

आई राजा उदे उदे.

तुझा,
धाराशिवचा एक भाविक